हाड जुळल्यानंतरचे दुखणे

घोट्याचे मोडलेले हाड साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांत जुळते, पण दुखणे तेवढ्यावर थांबत नाही. प्लास्टर निघाल्यानंतरही सकाळी पहिली पावले टाकताना कळ येते, जिना उतरताना पाय अडखळतो आणि संध्याकाळी घोटा सुजून ठणकतो. कित्येक महिने, काहींच्या बाबतीत वर्षाहून अधिक काळ हे चालते. या मागे राहिलेल्या दुखण्याचे काय करावे, हा प्रश्न वैद्यकाला हाड बसवण्यापेक्षा जड गेला. सांध्याला विश्रांती द्यावी की त्याला हलते करावे, हा वाद त्यात पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो.

सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांचा आहे. वड, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन अशा झाडांच्या साली आणि बांबू यांच्या पट्ट्या बांधायला तो सांगतो. थंडीत हे बांधलेले सात दिवसांनी सोडून पुन्हा बांधायचे, सौम्य हवेत पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. सैल बांधले तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार आवळले तर सूज, वेदना व पू होतो, असा इशाराही तिथे आहे. सांधा पक्का होण्याची मुदत वयाप्रमाणे वाढते: तरुणपणी एक महिना, मध्यम वयात दोन, म्हातारपणी तीन. त्याहून मोलाची आहे ती तळहाताच्या मोडीनंतरची सूचना. रोग्याने आधी मातीचा गोळा हातात धरावा, मग मिठाचा खडा आणि हातात बळ आल्यावर दगड. जुळलेल्या अवयवाला पायरीपायरीने कामाला लावायचे, हा विचार इथे स्पष्ट मांडलेला आहे.

महाराष्ट्रातील हाडवैद्यांनी बांबूच्या कामट्या, लेप आणि तेलाचे चोळणे ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालवली. आवळून बांधल्याने रक्तपुरवठा तुटून पाय गमावल्याची उदाहरणे अशा उपचारांत घडली आहेत आणि ती झाकण्याजोगी नाहीत. पण पट्टी सोडल्यावर सांधा रोज चोळून मोकळा करण्याची सवयही याच रीतीत होती.

युरोपात पारडे विश्रांतीकडे झुकले. 1852 मध्ये डच लष्करी शल्यचिकित्सक अँटोनियस मथाइसेन याने प्लास्टरच्या पट्टीची पद्धत प्रसिद्ध केली, आणि मोडलेला पाय आठवडेच्या आठवडे निश्चल ठेवणे सोपे झाले. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस हा वेल्सच्या हाडवैद्य घराण्यातला. अखंड आणि दीर्घ विश्रांतीचा तो सर्वांत ठाम पुरस्कर्ता ठरला. क्षयाने पोखरलेल्या सांध्यांना या विश्रांतीने खरोखर गुण येई. मोडलेल्या घोट्याला मात्र तिची किंमत मोजावी लागे: हाड जुळे, पण सांधा आखडे, पोटरी सुके आणि पाऊल टेकवताच कळ येई. असे रोगी डॉक्टरांकडून निराश होऊन हाडवैद्यांकडे वळत.

लंडनचे नामवंत शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट यांनी 1867 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हाडवैद्यांकडे बऱ्या होणाऱ्या रोग्यांवर लेख लिहिला. त्यांच्यापासून शिकावे आणि त्यांच्या चुका टाळाव्यात, अशी त्यांची भूमिका होती. हे प्रत्यक्ष शिकले ते डॉक्टर व्हार्टन हूड. रिचर्ड हटन हा लंडनचा हाडवैद्य आजारी असताना हूडच्या डॉक्टर वडिलांनी त्याच्यावर मोफत उपचार केले. त्याची परतफेड म्हणून हटनने आपली विद्या दाखवली. आखडलेल्या सांध्याला तो आधी काही दिवस पोटिसाने शेकी. मग दुखरी जागा अंगठ्याने दाबून धरून एका झटक्यात सांधा फिरवी. आवाज होई, आणि हाड निसटले होते ते जागेवर बसले असे तो सांगे. हूडने हे स्पष्टीकरण नाकारले, पण कृती स्वीकारली. 1871 मध्ये त्याने लिहिले, की हाड मुळात हललेलेच नसते. दीर्घ विश्रांतीत सांध्याभोवती जमलेले चिकट बंध त्या झटक्याने तुटतात. अडाणी म्हणून हिणवलेल्या माणसाचे हातकसब असे बारकाईने नोंदवून घेणे हे हूडचे मोठे काम आहे. पॅरिसमध्ये शल्यचिकित्सक ल्युका-शँपिओनिएर यांनी पुढचे पाऊल टाकले. मोडलेल्या हाडावर सुरुवातीपासून हलके मर्दन आणि हालचाल करण्याची पद्धत त्यांनी रुजवली आणि 1895 मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्याच वर्षी क्ष-किरण सापडले. हाड नेमके जागेवर जुळले का, हे आता दिसू लागले. ते जरा सरकले तर घोटा इतका का दुखतो, याचे एक उत्तर मात्र बऱ्याच पुढे हाती आले. नडगीची दोन हाडे खाली मिळून एक खाच करतात आणि टॅलस हे हाड तिच्यात बसते. 1976 मध्ये अमेरिकेत रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी शवांच्या घोट्यांवर मोजून दाखवले, की टॅलस अवघा 1 मिलिमीटर बाहेर सरकला तरी सांध्यातील स्पर्शाचे क्षेत्र सरासरी 42 टक्क्यांनी घटते. उरलेल्या थोड्या जागेवर सारा भार येतो आणि कूर्चा झिजते. 1958 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या एओ या शल्यचिकित्सकांच्या गटाने धातूची पट्टी व स्क्रू वापरून हाड तंतोतंत बसवून सांधा लगेच हलवण्याचा आग्रह धरला, तो याच दिशेचा होता.

काही रोग्यांत हाड नीट बसूनही वेदना वाढतच जाते. त्वचा तापते किंवा गार पडते, रंग पालटतो, चादरीचा स्पर्शही सोसत नाही. अमेरिकन यादवी युद्धातील जखमींमध्ये सायलस वेअर मिचेल यांनी अशा जळत्या वेदनेची नोंद केली होती. 1900 मध्ये हँबुर्गच्या पॉल झूडेक यांनी क्ष-किरण चित्रांत हाडांचा जलद ऱ्हास दाखवला. तरीही अशा रोग्यांना, विशेषतः स्त्रियांना, मन कमकुवत आहे असे सांगून परत पाठवले गेले. हा अन्याय फार काळ चालला. 1994 मध्ये वेदना-अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या विकाराला ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’ हे नाव दिले. त्याचे निदान करणारी एकच एक चाचणी अजून नाही. मूळ इजेच्या मानाने फार जास्त आणि सतत राहणारी वेदना, ही निदानाची पहिली अट आहे. त्यामुळे रोग्याचे सांगणे आता निदानाचाच भाग झाले आहे. उपचारांत फिजिओथेरपीला पहिले स्थान आहे: वेदना आवाक्यात ठेवून पाऊल थोडे थोडे हलवणे आणि त्यावर हळूहळू भार टाकणे.