तळणीची दोन मिनिटे : वऱ्हाडच्या माळावरील हौशी वेधशाळा

१/ २२ जानेवारी १८९८. भर दुपारी वऱ्हाडच्या माळावर अंधार उतरला. आजच्या अमरावती जिल्ह्यातील तळणी या लहानशा रेल्वे स्थानकाजवळ काही इंग्रज स्त्री-पुरुष दुर्बिणी आणि कॅमेरे रोखून उभे होते. त्यांच्या हाती होती जेमतेम दोन मिनिटे.

२/ हे पथक ‘ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन’चे होते. १८९० मध्ये स्थापन झालेली ही संस्था मुख्यतः हौशी खगोल अभ्यासकांची. १८९६ च्या खग्रास ग्रहणासाठी तिचे सभासद नॉर्वेच्या उत्तर टोकाला गेले होते. तेथे ढगांनी सारे श्रम वाया घालवले. त्यामुळे तळणीला पणाला बरेच काही लागले होते.

३/ वऱ्हाडच का? चंद्राच्या सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून ईशान्येकडे सरकत वऱ्हाडातून जाणार होता. जानेवारीत येथे पावसाचे भय नसते, आकाश निरभ्र असते. शिवाय मुंबई-नागपूर लोहमार्गामुळे जड यंत्रे पट्ट्याच्या आत नेता येत होती. बुलढाण्याजवळचे देऊळघाट त्याच वऱ्हाडातले, पण पट्ट्याच्या बाहेर. तेथे सूर्य पुरता झाकला गेला नाही. ग्रहणात थोड्या मैलांनीही सारे बदलते.

४/ त्याच पट्ट्यात इतर पथकेही होती. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर. लॉकियर यांनी हेलियम विजयदुर्गावर शोधला, असे आजही सांगितले जाते. परंतु त्या शोधाशी निगडित त्यांचे वेध १८६८ चे आणि इंग्लंडमधले. विजयदुर्गावर ते आले तीस वर्षांनंतर.

५/ तळणीच्या पथकात ॲनी माउंडर होत्या. ग्रिनिच वेधशाळेत त्या गणनाचे काम करीत. १८९५ मध्ये विवाह होताच ती नोकरी सुटली. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे दार तेव्हा स्त्रियांना बंद होते. तळणीला त्यांच्याजवळ अवघ्या दीड इंच व्यासाच्या भिंगाचा कॅमेरा होता. त्यातून त्यांनी प्रभाकिरीटाचा एक किरण टिपला. सूर्याच्या व्यासाच्या कित्येक पट लांब असलेला हा किरण तोवर छायाचित्रात उमटलेल्या किरणांत सर्वांत लांब ठरला.

६/ दुसरे होते जॉन एव्हरशेड. पोटासाठी रसायनांच्या कारखान्यात नोकरी आणि हौसेसाठी घरची वेधशाळा, असा त्यांचा संसार. सूर्यबिंब झाकले जाताच क्षणभर झळकणारा वर्णपट त्यांनी तळणीला टिपला. हायड्रोजनच्या रेषा जेथे संपतात, त्यापलीकडे जंबुपार भागात सलग प्रकाश पसरलेला त्यांना आढळला.

७/ ग्रहणाची छावणी दोन मिनिटांसाठी उभी राहते आणि मोडली जाते. सूर्याचा रोजचा अभ्यास करायचा तर स्थिर व स्वच्छ हवेचा उंच डोंगर हवा. १८९९ मध्ये तमिळ मुलुखातील कोडाईकनाल येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३४० मीटर उंचीवर, अशी वेधशाळा स्थापन झाली. १९०७ मध्ये एव्हरशेड तेथे रुजू झाले आणि १९११ मध्ये संचालक झाले. सौरडागांतील वायू मध्यापासून कडेकडे वाहतो, हे त्यांनी १९०९ मध्ये तेथेच दाखवून दिले. या घटनेला आज ‘एव्हरशेड परिणाम’ म्हणतात.

८/ पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली. तिची मोठी दुर्बीणही कोडाईकनालच्या डोंगरावर गेली. महाराष्ट्रातील हौशी अभ्यासकांना हक्काची संस्था मिळण्यास १९४४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पुण्यात ‘ज्योतिर्विद्या परिसंस्था’ स्थापन झाली.

९/ ॲनी माउंडर यांना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १९१६ मध्ये सदस्यत्व दिले. तळणीच्या त्या छायाचित्राला तेव्हा अठरा वर्षे झाली होती.