आजारी विमा कंपनी आणि नियामकाचा हात

विमा कंपनी खंगत चालली आहे, हे बाहेरच्याला सहसा कळत नाही. कारखाना अडचणीत आला की आधी पगार थकतात. विमा कंपनीकडे मात्र हप्ते आधी येतात आणि दावे मागाहून, त्यामुळे तोट्यातल्या कंपनीतही रोकड खेळती राहते. हप्ता स्वस्त केला की ती आणखी वाढते! या विषयात नव्याने शिरणाऱ्याने म्हणूनच नफा-तोटा पत्रकाआधी सॉल्व्हन्सी गुणोत्तर पाहावे. देणी भागवून किती मालमत्ता शिल्लक राहायला हवी आणि प्रत्यक्षात किती आहे, ते त्यातून कळते. भारतात ‘इर्डा’ या विमा नियामकाने या गुणोत्तराची किमान मर्यादा १५० टक्के ठेवली आहे.

रिलायन्स हेल्थ इन्शुरन्स ही कंपनी ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली. जून २०१९ अखेर तिचे गुणोत्तर १०६ टक्के होते, सप्टेंबरअखेर ६३. नोव्हेंबरमध्ये इर्डाचा आदेश निघाला: नव्या पॉलिसी विकायच्या नाहीत आणि जुन्या पॉलिसींची जबाबदारी वित्तीय मालमत्तेसह रिलायन्स जनरलकडे सोपवायची. तोवर विमाधारकांच्या दाव्यांखेरीज दुसरी देणी त्या मालमत्तेतून भागवायची नाहीत. आदेशातले हे शेवटचे कलम मला सगळ्यांत मोलाचे वाटते. रांगेत रुग्ण पुढे आणि बाकीचे धनको मागे, हे त्याने ठरवून टाकले. अर्थात, मालमत्ता शिल्लक असतानाच असा आदेश उपयोगी पडतो.

अमेरिकेत विम्याचे नियमन मुख्यतः राज्यांकडे आहे. १९४५ च्या मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. तिथे जोखीमनिहाय भांडवलाच्या पायऱ्या आहेत. जोखमीनुसार ठरलेल्या भांडवलाच्या तुलनेत कंपनीच्या भांडवलाचे प्रमाण २०० टक्क्यांखाली गेले की कंपनीने सुधारणेचा आराखडा द्यायचा. ७० च्या खाली गेले की राज्याच्या विमा आयुक्ताने ताबा घ्यायचा. कागदावर हे चोख दिसते. मॅसॅच्युसेट्सने जानेवारी २००० मध्ये हार्वर्ड पिलग्रिम ही आरोग्य योजना न्यायालयामार्फत ताब्यात घेतली आणि ती पुन्हा उभी राहिली. उलट दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा विकणाऱ्या पेन ट्रीटीचे पाहा. पेनसिल्व्हेनियाच्या आयुक्तांनी २००९ मध्येच ती गुंडाळण्याची परवानगी मागितली, २०१२ मध्ये न्यायालयाने ती नाकारली, आणि अखेर २०१७ मध्ये कंपनी अवसायनात गेली. मधली वर्षे तूट वाढवण्यातच गेली.

नियामकाने हस्तक्षेप करावा की नाही, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. खरा वाद आहे तो केव्हा करावा आणि उरलेली तूट कोणी सोसावी, याचा. अमेरिकी राज्यांत त्यासाठी हमी संघटना आहेत; इतर विमा कंपन्यांकडून वर्गणी घेऊन त्या ठरावीक मर्यादेपर्यंत दावे भागवतात. भारतात बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. आरोग्य विम्याच्या पॉलिसीला तसा कोणताही हमी निधी नाही.