मणिबंधाचे बंधन : मनगटाच्या एका व्याधीवर शस्त्रक्रियेविना झालेल्या उपचारांचा इतिहास

खुरपणी, धारा काढणे, धुणे पिळणे, कोयत्याने ऊस तोडणे ही निलंगा परिसरातील नित्याची कामे होत. या सर्व कामांत मनगट वाकवून मूठ आवळावी लागते. अशा कष्टांनंतर कुणाला रात्री अंगठ्यास व लगतच्या बोटांस मुंग्या येऊन जाग आली, तर घरात सहसा दोन उपाय सुचविले जातात. एक निर्गुडीच्या पाल्याचा शेक, व दुसरा फडक्याने मनगट आवळून बांधणे. यांपैकी बांधण्याच्या उपायास वैद्यकाच्या इतिहासात बरेच महत्त्व आहे. त्याचाच विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

मनगटाच्या आठ लहान अस्थी व त्यांवर आडवा ताणलेला बळकट स्नायुबंध यांच्या दरम्यान एक अरुंद मार्ग असतो. बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा व एक मज्जातंतू या मार्गाने तळहातात उतरतात. मार्गातील दाब वाढला की कंडरांपूर्वी मज्जातंतू पीडित होतो. यासच आधुनिक वैद्यक कार्पल टनेल सिंड्रोम म्हणते. सुश्रुतसंहितेने 107 मर्मांत मणिबंधाची गणना रुजाकर, म्हणजे वेदना उत्पन्न करणाऱ्या मर्मांत केली असून, तेथील आघाताने हात अकार्यक्षम होतो असे नमूद केले आहे. तथापि तेथे विचार आघाताचा आहे. त्यावरून प्रस्तुत व्याधी प्राचीनांस ज्ञात होती असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज शल्यविशारद जेम्स पॅजेट याने एका रुग्णाची हकीकत नोंदविली. मनगटाजवळील अस्थिभंगानंतर या माणसाचा मज्जातंतू दाबला जाऊन अंगठ्यावर व बोटांवर व्रण झाले होते, आणि ते कोणत्याही औषधाने भरत नव्हते. तळहाताकडील भाग सैल राहील अशा रीतीने मनगट बांधताच व्रण बरे झाले, व बांधणी होती तोवर बरेच राहिले. या व्याधीच्या आद्य नोंदींपैकी एकीत उपचार म्हणून शस्त्र नव्हे, तर बंधन आढळते, ही गोष्ट लक्षणीय होय. पुढे 1880 मध्ये बोस्टन येथील जेम्स जॅक्सन पटनम याने 37 रुग्णांचे वर्णन केले. त्यांत स्त्रियांचा भरणा अधिक होता व रात्री येणाऱ्या मुंग्या हे मुख्य लक्षण होते. व्याधीचे स्थान मात्र त्यास उमगले नव्हते.

ते स्थान 1913 मध्ये पिएर मारी व शार्ल फ्वा यांनी शवविच्छेदनाने दाखविले, आणि स्नायुबंध छेदल्यास हानी टळू शकेल असे सुचविले. लिअरमंथ याने 1933 मध्ये अशी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. 1947 मध्ये ब्रेन, राइट व विल्किन्सन यांनी सहा रुग्णांचा वृत्तांत दिल्यावर ती रूढ होऊ लागली. 1950 नंतर क्लीव्हलंडच्या जॉर्ज फेलन याने मनगट वाकवून ठेवण्याची सोपी परीक्षा सर्वपरिचित केली. तथापि 1966 मध्ये 654 हातांचा अनुभव मांडणाऱ्या या शल्यविशारदानेही सर्वांवर शस्त्र चालविले नाही. स्टेरॉइडची सुई हा त्याच्या उपचारांचा एक भाग होता.

बंधन कसे असावे, या प्रश्नास मापनाचे उत्तर 1981 मध्ये मिळाले. गेलबरमन व सहकाऱ्यांस निरोगी माणसाच्या त्या मार्गातील दाब सरासरी 2.5 मिलिमीटर पारा, तर रुग्णाच्या मार्गातील दाब 32 आढळला. मनगट पुढे वा मागे पूर्ण वाकविले असता तो रुग्णांत 90 च्याही वर जाई. म्हणजे गुण मनगट सरळ राहण्यात आहे, आवळण्यात नाही. रात्री बांधावयाच्या पट्टीचे तत्त्व हेच होय.

तिच्या मर्यादाही चाचण्यांनी दाखवून दिल्या. नेदरलंड्समधील 176 रुग्णांच्या चाचणीत (2002) अठरा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात 90 टक्के, तर पट्टीच्या गटात 75 टक्के रुग्ण सुधारले होते. परंतु तोपर्यंत पट्टीच्या गटातील 41 टक्के रुग्णांनीही शस्त्रक्रिया करून घेतली होती. इंग्लंडमधील 234 रुग्णांच्या चाचणीत (2018) सहा आठवड्यांनी सुई सरस ठरली, पण सहा महिन्यांनी हा फरक उरला नाही.

या इतिहासात महाराष्ट्राचाही एक धागा आहे. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यास आले, व 1975 मध्ये त्यांची योगसंस्था तेथे उभी राहिली. त्यांच्या परंपरेतील मरियन गारफिंकल यांनी फिलाडेल्फिया येथे 42 रुग्णांवर चाचणी घेऊन ती 1998 मध्ये प्रसिद्ध केली. एका गटास अकरा आसने आठवड्यातून दोनदा, याप्रमाणे आठ आठवडे शिकविली, तर दुसऱ्यास मनगटाची पट्टी देऊ केली. आसनांच्या गटात वेदना घटली, मुठीचे बळ वाढले व फेलनची परीक्षा सुधारली. मज्जातंतूच्या संवेग-वहनात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. योगाच्या अभिमान्यांनी पहिले वाक्य उद्धृत करावे व दुसरे वगळावे, हे संशोधनास शोभणारे नाही. रुग्णसंख्या अल्प होती, हेही विसरून चालणार नाही.

या सर्व वृत्तांतावरून असे दिसते की, शस्त्रक्रियेविना उपचार हा शस्त्राचा प्रतिस्पर्धी नसून व्याधीच्या आरंभीच्या अवस्थेचा उपचार होय. मुंग्या रात्रीपुरत्याच असतील तेव्हा सरळ पट्टी, कामातील विसावा व प्रसंगी सुई यांस वाव आहे. मधुमेह, थायरॉइडचा विकार वा गर्भारपण यांमुळे व्याधी उद्भवली असल्यास त्या मूळ कारणाकडेही पाहावे लागते. परंतु अंगठ्याच्या बुडाचे मांस झिजू लागले, वस्तू हातातून निसटू लागल्या, की शेक-बंधनात महिने दवडणे म्हणजे हात गमावण्याचा धोका पत्करणे होय. खुरप्यावर पोट असणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हा धोका तिच्या अन्नाचाच असतो. तिचे मनगट बांधणाऱ्या घरच्या माणसांचा हेतू पॅजेटच्या हेतूहून निराळा नाही. फडके आवळण्याऐवजी मनगट सरळ ठेवावे, आणि बंधन कोठे पुरे पडत नाही हे वेळीच ओळखावे, एवढी भर या इतिहासाने त्यात घातली आहे. ती भर ग्रंथालयातून शेताच्या बांधापर्यंत पोहोचविणे हे अभ्यासकांचे कर्तव्य होय.