पायगाडीचा संसार

इतिहासकाराची दृष्टि सहसा आरंभाकडे आणि पराक्रमाकडे वळते. अमुक यंत्र प्रथम कोणीं केलें, त्यावर स्वार होऊन कोणीं किती वेगानें अंतर कापलें, यांचीं टिपणें जपून ठेवलेलीं आढळतात. परंतु तेंच यंत्र सामान्य गृहस्थाच्या नित्याच्या राबत्यांत कसें आलें आणि त्याकरितां त्यांत काय काय जोडावें व बदलावें लागलें, ही हकीकत लिहून ठेवण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. पायगाडीचें, म्हणजे आपण आतां जिला सायकल म्हणतों त्या वाहनाचें, असेंच झालें आहे. तिच्या शोधकांचीं नांवें ज्ञानकोशांत आहेत. शर्यतींतील वीरांचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांनीं घरोघर पोंचविलीं. पण सकाळीं डबा अडकवून कारखान्यास निघालेला कामगार किंवा दप्तर लावून शाळेस निघालेली मुलगी ज्या सायकलीवर बसतात, तिला मडगार्ड, कॅरियर, साखळीवरची पेटी, घंटी आणि दिवा हा सगळा संसार केव्हां व कां लागला, हें विचारल्यास बहुतेक सुशिक्षितांस सांगतां येणार नाहीं. प्रस्तुत लेखांत या संसाराची वंशावळ मांडण्याचा आमचा विचार आहे. सायकलीच्या सांगाड्याहून तिच्या या संसारांतच समाजाचा इतिहास अधिक उमटला आहे, असें आम्हांस वाटतें.

आरंभ थोडक्यांत सांगून पुढें जाऊं. इ. स. १८१७ च्या जून महिन्यांत जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल फॉन ड्राइस यानें एका लांकडी दुचाकीवर बसून, जमिनीला पायांनीं रेटा देत, कांहीं मैलांची फेरी केली. दोन चाकें एकामागें एक ठेवूनहि माणसास तोल सांभाळतां येतो, एवढें त्या दिवशीं सिद्ध झालें. त्यानंतर सुमारें पन्नास वर्षांनीं पॅरिसमध्यें पुढच्या चाकाच्या आंसाला पायडलें बसविण्यांत आलीं आणि पिएर मिशो याच्या कारखान्यांतून अशा गाड्या विकल्या जाऊं लागल्या. लांकडी चाकें, त्यांवर लोखंडी धावा आणि खालीं दगडी फरसबंदी, असा योग असल्यामुळें इंग्रजांनीं या गाडीला ‘हाडें खिळखिळीं करणारी’ असें जें नांव दिलें, तें यथार्थच होतें.

१८७० नंतरच्या दशकांत उंच चाकाच्या गाडीचा जमाना आला. पायडल पुढच्या चाकालाच जोडलेलें असल्यानें पायांच्या एका फेऱ्याबरोबर चाकाचाहि एकच फेरा होई. अधिक वेग हवा तर चाक अधिक मोठें करणें एवढाच उपाय होता. आणि तें किती मोठें करावें याची मर्यादा स्वाराच्या पायाची लांबी ठरवी. यामुळें शिंप्यानें अंगाचें माप घेऊन अंगरखा बेतावा, तसा दुकानदार गिऱ्हाइकाचा पाय मोजून कोणाला ५० इंची, कोणाला ५४ इंची चाकाची गाडी देत असे. इतकी मापानें बेतलेली असूनहि ही गाडी रोजच्या उपयोगाची मात्र झाली नाहीं. वाटेंत दगड आडवा आला कीं स्वार हँडलवरून उलथून तोंडघशीं पडे. तरुण, चपळ, जीवावर उदार आणि बऱ्या स्थितींतील पुरुषांचें तें क्रीडासाधन होतें. स्त्रिया, वृद्ध आणि पडून हात मोडल्यास ज्यांचा रोजगार बुडेल असे सगळे लोक, त्या चाकाच्या उंचीमुळेंच बाहेर राहिले.

ही कोंडी १८८५ मध्यें फुटली. कॉव्हेंट्री येथील जॉन केंप स्टार्ली यानें ‘रोव्हर’ नांवाची गाडी बाजारांत आणली. तींत पायडलें दोन चाकांच्या मध्यें खालीं आलीं आणि त्यांची गति साखळीनें मागच्या चाकास पोंचविण्यांत आली. या साखळीचें महत्त्व असें कीं, तिनें चाकाचा आकार व गाडीचा वेग यांची फारकत केली. पुढच्या दंतचक्रास ४८ आणि मागच्यास १८ दांते असले, तर पायांच्या एका फेऱ्यांत मागचें चाक सुमारें २.६७ वेळां फिरतें. २८ इंचांच्या चाकाला हा आंकडा लावला म्हणजे सुमारें ७५ इंच असें उत्तर येतें. अर्थात् ही ठेंगणी गाडी ७५ इंच उंचीच्या चाकाचें काम करते, आणि तेवढ्या उंच चाकावर टांग टाकणारा माणूस हजारांत एक मिळणें कठीण. इंग्रजी बोलणारे सायकलस्वार गिअरची मोजदाद अद्यापि इंचांत करतात. ते इंच त्या नाहींशा झालेल्या उंच चाकाचेच होत. मागें १८ च्या ऐवजीं २२ दांत्यांचें चक्र बसविलें, तर हाच आंकडा ६१ वर उतरतो आणि चढ सोपा होतो. पूर्वी गाडी केवळ पायाच्या मापानें बेतावी लागे; आतां ती रस्ता, ओझें आणि वय यांच्या मानानें बेततां येऊं लागली.

दुसरी अडचण धक्क्यांची होती. बेलफास्ट येथें जनावरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं हवेनें भरलेली रबरी धाव तयार केली आणि १८८८ मध्यें तिचें पेटंट घेतलें. हीच कल्पना रॉबर्ट विल्यम टॉमसन यानें १८४५ मध्येंच नोंदविली होती असें पुढें उघडकीस आलें व डनलॉपचें पेटंट टिकलें नाहीं. परंतु टॉमसनच्या काळीं त्या कल्पनेचें चीज करणारी सायकल नव्हती, डनलॉपच्या काळीं ती होती. तथापि आरंभींची हवेची धाव चाकाला पक्की चिकटविलेली असे. खिळा रुतला कीं ती सोलून पुन्हां बसविण्यांत स्वाराचे तास मोडत. १८९० मध्यें ब्रिटनमध्यें वेल्च व बार्टलेट यांनीं आणि १८९१ मध्यें फ्रान्समध्यें मिशलँ बंधूंनीं काढतां-घालतां येणारे टायर प्रचारांत आणले, तेव्हां ही पीडा टळली. आमच्या मतें रोजच्या सायकलीच्या इतिहासांत हा टप्पा मूळ शोधाइतकाच मोलाचा आहे. नित्याच्या वाहनाची परीक्षा, तें बिघडलें असतां कोपऱ्यावरच्या दुकानांत चार पैशांत दुरुस्त होतें कीं नाहीं, यावरच होत असते.

यंत्र असें सिद्ध झाल्यावर संसार जमूं लागला. त्यांतील कांहीं वस्तु कायद्यानें आणल्या. इंग्लंडांत १८८८ च्या स्थानिक कारभारविषयक कायद्यानें सायकलीस गाडीचा दर्जा दिला आणि रात्रीं दिवा लावणें व दुसऱ्यास ओलांडतांना घंटेनें किंवा अन्य आवाजानें इशारा देणें तिला बंधनकारक केलें. प्रथम तेलाचे, मग कार्बाइडच्या वायूचे आणि शेवटीं चाकावर घांसून वीज करणाऱ्या डायनॅमोचे दिवे आले. कांहीं वस्तु शरीराच्या तक्रारींतून आल्या. बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रुक्स याचा घोडा मेला, म्हणून त्यानें उसनी सायकल घेतली. तिच्या बैठकीनें तो इतका त्रासला कीं त्यानें स्वतःच चामड्याची ताणलेली बैठक तयार करून १८८२ मध्यें तिचें पेटंट घेतलें, अशी त्या कारखान्याची कथा सांगतात. कांहीं वस्तु पोशाखानें आणल्या. कारकुनाची विजार साखळींत सांपडून काळी होऊं नये म्हणून साखळीवर पेटी आली. वुल्व्हरहॅम्प्टनच्या ‘सनबीम’ सायकलींत तर ही पेटी बंद करून तींत तेल ठेवीत, त्यामुळें धूळ व चिखल साखळीस शिवतच नसे. स्त्रियांच्या घोळदार झग्यांसाठीं मधली दांडी खालीं वांकविण्यांत आली आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस दोऱ्यांची जाळी विणण्यांत आली. एका दांडीच्या वांकण्यानें अर्ध्या समाजाला दार उघडलें, हें विसरतां येत नाहीं.

चढावर काय करावें, हा प्रश्न राहिला होता. १९०३ पासून नॉटिंगहॅम येथें, रॅले कारखान्याचा मालक फ्रँक बोडेन याच्या पाठबळानें, ‘स्टर्मी-आर्चर’ नांवाचें तीन गतींचें तुंब तयार होऊं लागलें. त्याचा खरा कल्पक विल्यम रायली हा होता. तो आधींच्या एका कराराने बांधला गेला असल्यामुळें त्याचें नांव मागें पडलें, असें संशोधकांनीं दाखविलें आहे. या तुंबाच्या १९३६ मध्यें निघालेल्या प्रसिद्ध नमुन्यांत चढाची गति मधल्या गतीच्या पाऊणपट आणि सपाटीची तिच्याहून एक-तृतीयांशानें अधिक असते, आणि सर्व दांते आंत बंद असल्यानें पावसाचें त्यांस भय नाहीं. याच काळांत फ्रान्समधील सेंत-एतिएन येथें पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हा ‘व्हेलोसिओ’ या टोपणनांवानें आपल्या मासिकांतून, प्रत्येक स्वाराने अनेक गिअर वापरावेत, असें सांगत होता. शर्यतीच्या धुरीणांस मात्र गिअर म्हणजे दुर्बळांची सोय वाटे; ‘तूर द फ्रान्स’ शर्यतींत साखळी बदलणारें यंत्र १९३७ पर्यंत मना होतें. रोज कामावर जाणाऱ्यास घामाघूम न होतां पोंचावयाचें असतें, आणि शर्यतवाल्यास घामाचाच अभिमान असतो. सायकलीची पुष्कळशी प्रतिष्ठा दुसऱ्याच्या हातीं राहिली, त्यामुळें पहिल्याची गरज नेहमीं उशिरानें ऐकूं गेली.

आपल्याकडे सायकल आली ती इंग्रजी ‘रोडस्टर’च्या रूपानें: २८ इंची चाकें, मागें कललेला लांब सांगाडा, पोलादी दांड्यांनीं ओढले जाणारे ब्रेक. पुढें १९५१ मध्यें सोनीपत येथें ‘ॲटलस’, १९५२ मध्यें आसनसोल येथें ‘सेन-रॅले’ आणि १९५६ मध्यें लुधियाना येथें ‘हीरो’ यांचे कारखाने निघाले, तरी नमुना तोच राहिला. त्यास कारणहि होतें. कललेला सांगाडा व मोठीं चाकें खडबडीत रस्त्याचे धक्के सोसतात. तारेचा ब्रेक गंजून तुटतो, पण दांडीचा ब्रेक खेड्यांतील लोहारहि ठोकून सरळ करतो. भिजल्या पोलादी चाकावर तो नीट धरत नाहीं, हा त्याचा दोष पावसाळ्यांत प्रत्येकाच्या अनुभवास येई. या जड गाडीला आपल्या लोकांनीं जो संसार लावला, तो कोणत्याहि कारखान्याच्या यादींत नव्हता. गवळ्यानें दोन्ही बाजूंस किटल्या टांगण्यासाठीं आंकडे लावले. मुंबईच्या डबेवाल्यांनीं हँडलपासून कॅरियरपर्यंत डबे टांगून तिचें चालतें स्वयंपाकघर केलें. गृहस्थानें मधल्या दांडीवर लेकरासाठीं चिमुकली बैठक बसविली.

पुणें तर एके काळीं सायकलींचें शहर म्हणूनच ओळखलें जाई. पेठा, कॉलेजें, कचेऱ्या आणि खडकीचे कारखाने यांतील अंतरें सायकलीच्या आवांक्यांतील होतीं. तासाच्या भाड्यानें सायकली देणारीं दुकानें, नगरपालिकेचा बिल्ला, डबलसीट व बिनदिव्याच्या सायकलस्वारास अडविणारा पोलीस, हें सारें त्या नागर जीवनाचें अंग होतें. १९६० नंतर स्कूटर आली, १९७२ मध्यें ‘लूना’ आली, आणि ज्यांस परवडलें ते सायकलीवरून उतरले. ज्यांस परवडलें नाहीं, ते अजून तिच्यावरच आहेत. फक्त त्यांच्याकडे पाहण्याची शहराची दृष्टि बदलली.

आजच्या दुकानांत जाऊन पाहावें म्हणजे या इतिहासाचा बोध होतो. तेथें दर्शनी भागांत ज्या सायकली मांडलेल्या असतात, त्यांपैकीं पुष्कळांस मडगार्ड नाहीं, कॅरियर नाहीं, साखळीवर पेटी नाहीं, दिवा नाहीं. कित्येकांस तर घंटीहि नाहीं. गिअर मात्र एकवीस असतात. शंभर वर्षांत सामान्य माणसांनीं जमविलेला संसार काढून घेऊन गाडी पुन्हां क्रीडासाधन म्हणून विकली जात आहे; उंच चाकाचा काळ ठेंगण्या चाकांवर बसून परत आला आहे असें म्हटलें तर चालेल. अशी सायकल घेऊन कामावर जाऊं इच्छिणारास तो संसार एक एक करून पुन्हां लावावा लागतो. त्यानें प्रथम बैठक पाहावी: पायडल अगदीं खालीं असतां त्यावर टांच ठेवली तर पाय सरळ व्हावा, म्हणजे चवड्यानें चालवितांना गुडघा किंचित् वांकलेला राहतो. जमिनीस पाय टेकावेत म्हणून बैठक खालीं ठेवण्याची आपल्याकडील संवय गुडघ्यांस महाग पडते; तिचें मूळ, आमच्या मतें, एकाच मापाच्या मोठ्या गाडीवर, दांडीखालून पाय घालून शिकलेल्या आमच्या पिढ्यांत आहे. मग मडगार्ड व दिवा, मग ओझें पाठीवरून उतरवून मागच्या चाकावर घेणारें कॅरियर, आणि शेवटीं आपल्या वाटेवरील सर्वांत कठीण चढास पुरेल असें मागचें दंतचक्र. वेगाचा विचार याच्या मागाहून केला तरी चालतो.

हा खर्च फार नाहीं, पण प्रश्न खर्चाचा नाहीं. कोणत्या वस्तु गाडीबरोबर मिळतात आणि कोणत्या मागाहून विकत घ्याव्या लागतात, यावरून ती गाडी कोणासाठीं केली आहे तें कळतें. ज्या समाजांत दिवा आणि मडगार्ड हे अलंकार ठरतात, त्या समाजानें अंधारांतून व चिखलांतून रोज कामावर जाणाऱ्या माणसास आपल्या हिशेबांतून वगळलेलें असतें. सायकलीस पुन्हां मान मिळावा असें अलीकडे पुष्कळ जण म्हणतात. तसें खरोखरीच व्हावयाचें असेल, तर तिच्याबरोबर तिचा संसारहि दुकानाच्या दर्शनी भागांत परत आला पाहिजे.