रात्र, दिवा आणि ससा : इंग्लंडमधील शिकारकायदे व ‘चोरटा शिकारी’ ही वाङ्मयीन प्रतिमा

इंग्रजी ग्रामीण साहित्याचा मराठीत अनुवाद करणाऱ्याला ‘पोचर’ या शब्दापाशी थांबावे लागते. ‘चोरटा शिकारी’, ‘चोरून शिकार करणारा’ असे पर्याय सहज सुचतात आणि बहुधा तेच स्वीकारले जातात. परंतु तसे करताना एका जुन्या वादाचा निकाल अनुवादकाने जमीनदाराच्या बाजूने आधीच दिलेला असतो. रानातले सावज कोणाच्या मालकीचे, हाच त्या वादाचा विषय होता. आणि ‘चोर’ म्हटले की मालकी गृहीत धरली जाते. रात्री दिव्याच्या झोतात सशाला टिपणे या वरकरणी क्षुल्लक कृतीच्या आधारे प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आरंभीच सशाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. इंग्रजीत ‘हेअर’ व ‘रॅबिट’ हे दोन भिन्न प्राणी आहेत. मराठीत दोहोंना ‘ससा’च म्हणतात. आपल्या माळरानावरचा ससा हा ‘हेअर’ होय. तो बिळे खोदत नाही, गवतातल्या उथळ खळग्यात दबून राहतो. पंचतंत्रात चंद्राचा दूत बनून हत्तींना परतवणारा ससा या कुळातला मानावा. ‘रॅबिट’ मात्र कळपाने बिळांत राहतो. इंग्लंडमध्ये तो नॉर्मन राजवटीत, बाराव्या शतकाच्या सुमारास, बाहेरून आणला गेला आणि मांस व कातडी यांसाठी सरदार व मठ यांच्या राखीव आवारांत पाळला गेला. म्हणजे हा प्राणी तेथे आला तोच कोणाची तरी मालमत्ता म्हणून. पुढे तो आवारांतून निसटला, शेतांत पसरला, गरिबाच्या हंडीत शिजू लागला. तरी मालकीचा जुना दावा त्याच्या पाठीवर कायम राहिला.

या दाव्याला कायद्याने दिलेले संरक्षण थक्क करणारे आहे. १६७१ च्या कायद्याने सावज मारण्याचा हक्क, ढोबळमानाने सांगायचे तर, वर्षाला किमान शंभर पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन असलेल्यांपुरता मर्यादित केला. १७२३ चा ‘ब्लॅक अ‍ॅक्ट’ त्याहून भयंकर होता. तोंडाला काजळी फासून राखीव रानांत शिरणाऱ्यांविरुद्ध तो केला गेला आणि सुमारे पन्नास कृत्यांना त्याने देहदंड लागू केला; राखीव आवारातले ससे लुटणे हे त्यांतले एक. ई. पी. थॉम्पसन यांनी ‘व्हिग्ज अँड हंटर्स’ (१९७५) या ग्रंथात या कायद्यामागील सामाजिक संघर्ष उलगडून दाखविला आहे. १८२३ मध्ये हा कायदा बव्हंशी रद्द झाला. १८२८ मध्ये ‘नाइट पोचिंग अ‍ॅक्ट’ आला. त्यात ‘रात्र’ या शब्दाची व्याख्याच दिलेली आहे : सूर्यास्तानंतरचा पहिला तास संपल्यापासून सूर्योदयापूर्वीचा शेवटचा तास सुरू होईपर्यंत. त्या अवधीत सावज वा ससा मारल्याबद्दल तिसऱ्यांदा दोषी ठरल्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी होऊ शकत असे. तीन वा अधिक माणसे एकत्र असून त्यांतल्या एकाच्या हाती जरी शस्त्र असले, तरी ही हद्दपारी चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकत होती. कवींनी ज्या रात्रीचे नाना परींनी वर्णन केले, तिच्या सीमा येथे विधिमंडळाने आखून दिल्या.

१८३१ मध्ये मालमत्तेची अट गेली, पण खेडुताच्या दृष्टीने फारसे काही बदलले नाही. व्हॅन डीमेनच्या भूमीत पाठविलेल्या शिकाऱ्यांवरची लोकगीते गावोगाव गायिली जात राहिली. लोकपरंपरेत हा माणूस चोर म्हणून क्वचितच येतो. तो धाडसी, मिस्किल, प्रसंगी हुतात्मा असतो. छापील गद्यात त्याला सहृदय स्थान दिले ते रिचर्ड जेफरीज यांनी. ‘द गेमकीपर अ‍ॅट होम’ (१८७८) मध्ये राखणदार आणि ‘द अमॅच्युअर पोचर’ (१८७९) मध्ये त्याला चुकविणारा, असे एकाच रानाचे दोन पक्ष त्यांनी लागोपाठ लिहिले. एका बाजूचे ज्ञान दुसऱ्या बाजूच्या ज्ञानावाचून अपुरे, हे त्यांना पुरते कळले होते. टॉमस हार्डी यांच्या ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ (१८९५) मधला प्रसंग याहून निराळा आहे. रात्री सापळ्यात अडकलेल्या सशाचा आक्रोश ज्यूडच्या कानी पडतो. सापळा लावणारा सकाळपर्यंत येणार नाही, हे जाणून तो उठतो, बाहेर जातो आणि एका फटक्यात त्याची यातना संपवतो. त्याच क्षणी शेजारच्या खिडकीतून स्यू त्याला हाक मारते; तीही तोच आवाज ऐकत जागी राहिलेली असते. कायद्याच्या नजरेने पाहिल्यास ज्यूडने दुसऱ्याच्या सापळ्यातले सावज मारले. वाचकाच्या मनाला मात्र हा विचार शिवत नाही, आणि कादंबरीकाराचे यश मी त्यातच मानतो.

दरम्यान १८८० च्या ‘ग्राउंड गेम अ‍ॅक्ट’ने कुळाला आपल्या कसणुकीतले ससे मारण्याचा अबाधित हक्क दिला. पीक खाणारा ससा आता शेतकऱ्याच्या हाती आला. परंतु रात्री बंदूक वापरण्यास याच कायद्याने मनाई केली. हक्क दिला तो दिवसापुरता. बंदुकीचा बार रात्री दूरवर ऐकू जातो, म्हणून बेकायदा शिकारीत जाळी, फासे आणि कुत्रा यांवर भर असे. हवेच्या बंदुकीचा आवाज अल्प असल्याने या इतिहासात तिला वेगळे स्थान आहे.

हवेच्या बंदुकीचे इंग्रजी साहित्यातले सर्वांत प्रसिद्ध दर्शन मात्र खेड्यात नव्हे, लंडनमध्ये घडते. कॉनन डॉयल यांच्या ‘द एम्टी हाउस’ (१९०३) या कथेत कर्नल सबॅस्टियन मोरान रात्री अंधाऱ्या घरात दबा धरून बसतो आणि समोरच्या उजळलेल्या खिडकीतल्या सावलीवर हवेच्या बंदुकीने गोळी झाडतो. अंधारात शिकारी आणि दिव्याच्या उजेडात सावज, हीच ती योजना. मोरान हिंदुस्थानातल्या फौजेत होता, नामांकित वाघमाऱ्या होता, शिकारीवर पुस्तके लिहिणारा होता. झाडाखाली करडू बांधून वाघाची वाट पाहण्याचा दाखला होम्स त्यालाच ऐकवतो. वसाहतीत जी कृती साहेबाला प्रतिष्ठा देते, तीच मायदेशी खेडुताला तुरुंगात धाडते. ही विसंगती डॉयल यांना अभिप्रेत होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. कथेत ती आहे, एवढे खरे.

विसाव्या शतकात हे चित्र पालटले. १९५३ मध्ये मिक्झोमाटोसिस हा रोग ब्रिटनमध्ये पोहोचला आणि सशांची संख्या अतोनात घटली. १९५८ मध्ये हार्डी यांनी वर्णिलेल्या जातीच्या दातेरी सापळ्यावर इंग्लंडमध्ये बंदी आली. १९८१ च्या कायद्याने रात्रीच्या बंदुकीवरील मनाई सैल केली आणि जमीनमालकाची संमती असल्यास ती वापरणे कुळाला शक्य झाले. आज इंग्लंडमध्ये बॅटरीचा दिवा आणि बारा फूट-पाउंडांच्या मर्यादेतली हवेची बंदूक घेऊन सशामागे जाणारा माणूस बहुधा परवानगी घेतलेला पीकरक्षक असतो. वारा असलेली काळोखी रात्र त्याला हवी असते, कारण वाऱ्यात पावले ऐकू येत नाहीत. झोतात डोळे चमकतात, ससा क्षणभर खिळतो आणि नेम साधला जातो. पूर्वजांचे कसब त्याच्यापाशी आहे. गीत मात्र त्याच्यावर कोणी रचत नाही. संमती मिळाली आणि नायकत्व गेले.

आता पुन्हा मराठीकडे. आपल्याकडे ‘शिकार’ हा फारसीतून आलेला शब्द आहे आणि त्याच्या जोडीला ‘पारध’ आहे. पहिला दरबारी व दुसरा लोकांचा, अशी सरळ विभागणी करण्याचा मोह टाळावा, कारण जुन्या कथांतले राजेही पारधीला जातात. परंतु ‘पारधी’ या शब्दाचे भाग्य लक्षणीय आहे. फासे लावून उपजीविका करणाऱ्या या समाजाची गणना ब्रिटिश राजवटीने गुन्हेगार जमातींत केली. १८७१ मध्ये आरंभ झालेली ही कायद्याची परंपरा १९५२ मध्ये संपुष्टात आली, तरी शब्दावरचा डाग पुसला गेला नाही. इंग्लंडमध्ये कृती गुन्हा ठरली. येथे कुळात जन्म घेणेच गुन्हा ठरले. म्हणून जेफरीज यांच्या ‘पोचर’ला ‘पारधी’ म्हणणे आकर्षक वाटले, तरी मला ते मान्य नाही. एका इतिहासाचे ओझे दुसऱ्यावर पडते. ‘चोर’ हा शब्द राखणदाराच्या आणि न्यायाधीशाच्या तोंडी ठेवावा. निवेदकाच्या भाषेत ‘रात्रीचा शिकारी’ पुरेसे आहे, आणि रॅबिटसाठी पहिल्या उल्लेखात तरी ‘बिळातला ससा’ असे लिहावे.