इसानचा नकार

थायलंड म्हटले की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पहिली येते ती बुद्धमूर्ती. महाराष्ट्रातल्या कितीतरी विहारांत तिकडून आलेल्या मूर्ती आहेत. आमच्या वस्तीतही एक आहे. तिच्यासमोर उभे राहून मी अनेक वर्षे पोरांना सांगत आलो की, जिथे धम्म राजमान्य झाला त्या देशांत माणसाला जन्मावरून मोजीत नाहीत. हे वाक्य मी आता उच्चारीत नाही. ते मागे घ्यायला मला कोणा पंडिताने लावले नाही. दोन सार्वमतांच्या आकड्यांनी लावले.

१९ सप्टेंबर २००६ रोजी थायी लष्कराने थाक्सिन शिनावात्रा यांचे निवडून आलेले सरकार उलथवले आणि १९९७ ची राज्यघटना रद्द केली. मग आपल्याच नेमणुकीच्या माणसांकडून नवी घटना लिहून घेऊन १९ ऑगस्ट २००७ रोजी ती लोकांपुढे ठेवली. तीत सिनेटच्या १५० जागांपैकी ७४ नेमणुकीच्या होत्या, आणि शेवटच्या कलमाने लष्कराचे सगळे कृत्य कायदेशीर ठरवून टाकले होते. लोकांनी नाकारली तर काय? तर जुन्या घटनांपैकी हवी ती उचलून, तीत हवे ते बदल करून लादायची मुभा लष्करी मंडळाने आधीच घेऊन ठेवली होती. अशा सार्वमताला सार्वमत म्हणावे काय, हा प्रश्न आहेच. तरीही देशभरात सुमारे ५८ टक्के होकार आणि ४२ टक्के नकार पडला. दक्षिणेत होकार ८८ टक्क्यांच्या घरात, बँकॉकमध्ये सुमारे दोन तृतीयांश. आणि ईशान्येच्या इसान प्रदेशात मात्र सुमारे ६३ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटले. तिथल्या अनेक प्रांतांत त्या वेळी लष्करी कायदा चालू होता, हे ध्यानात ठेवून हा आकडा वाचला पाहिजे.

इसान हे नाव आपल्या ‘ईशान्य’चेच भावंड. देशाची सुमारे एक तृतीयांश वस्ती या भागात. बोली लाओ, जेवणात चिकट भात, जमीन निकस, पाऊस बेभरवशाचा. बँकॉकची टॅक्सी चालवणारा, तिथल्या इमारतींची वीट वाहणारा, श्रीमंताच्या घरची भांडी घासणारी, यांत इसानचे लोक फार. राजधानीत वर्षानुवर्षे राबूनही त्यांपैकी अनेकांची नोंद गावच्या घरपट्टावरच असते आणि मत गावीच द्यावे लागते. ज्या शहराला आपण हातांनी उभे केले त्या शहराच्या मतमोजणीत आपण नाही. आपल्या ऊसतोड कामगाराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

या प्रदेशाकडे बँकॉक ज्या नजरेने पाहते ती नजर जुनी आहे. पंधराव्या शतकात अयुथ्येच्या त्रैलोक राजाच्या काळापासून ‘सक्दिना’ नावाची व्यवस्था सांगितली जाते. प्रत्येक माणसाला एक अंक. गुलामाला पाच, सामान्य रयतेला दहापासून पंचवीसपर्यंत, सरदाराला चारशेपासून दहा हजारांपर्यंत. हा अंक ‘राई’ या मापात; एक राई म्हणजे सुमारे सोळा गुंठे. प्रत्यक्षात तेवढी जमीन हाती असो वा नसो, दंड किती आणि भरपाई किती हे त्या अंकावरून ठरे. रयतेला ‘फ्राय’ म्हणत. तिच्या मनगटावर मालकाची खूण गोंदवली जाई आणि वर्षातले कित्येक महिने तिला वेठीला धरले जाई. बाबासाहेबांनी ‘श्रेणीबद्ध विषमता’ म्हणून जे सांगितले ते हेच असे मी म्हणणार नाही. तिथे विटाळ नव्हता, आणि फ्रायचा पोरगा भिक्खू होऊन राजाचा नमस्कार घेऊ शके. पण माणसाला अंक होता, एवढे खरे. गुलामगिरी कायद्याने संपली १९०५ मध्ये. या व्यवस्थेचे खरे रूप १९५७ मध्ये लिहून उघडे करणारा चित भूमिसाक पुढे तुरुंगात गेला आणि १९६६ मध्ये इसानमधल्याच सकोन नखोन प्रांतात गोळीला बळी पडला.

अंक गेला, पण मोजणारे राहिले. १९९७ च्या घटनेला ‘जनतेची घटना’ म्हणून गौरवतात, आणि अनेक बाबतींत ती त्या गौरवाला पात्रही होती. तिच्यात कलम होते की, खासदारकीला उभे राहायचे तर पदवी पाहिजे. शेतकऱ्यांच्या देशात शेतकऱ्याने मत द्यावे, उभे राहू नये! पुढे २००८ मध्ये बँकॉकच्या रस्त्यांवर पिवळे सदरे घालून उतरलेल्या आघाडीने ‘नवे राजकारण’ म्हणून मांडले ते तर उघडच होते : संसदेत सत्तर टक्के नेमलेले, तीस टक्के निवडलेले. कारण काय, तर खेड्यातला माणूस अडाणी, पैशाला मत विकतो. त्याला शिवी दिली जाई ‘म्हैस’ म्हणून. अडाण्याच्या हाती मत नको, हा युक्तिवाद आपल्याला परका नाही. सायमन कमिशनपुढे १९२८ मध्ये बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला तेव्हा त्यांना याच युक्तिवादाशी झुंजावे लागले होते.

इसानच्या माणसाने थाक्सिनला मत का दिले? त्याने तीस बाटमध्ये इस्पितळाचा उपचार दिला आणि गावागणिक दहा लाख बाटचा निधी दिला. घरातले आजारपण जमीन गिळते हे ज्याने पाहिले आहे त्याला ही लाच वाटत नाही. थाक्सिन अब्जाधीश होता, आणि २००३ च्या त्याच्या अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत दोन हजारांवर माणसे मारली गेली. इसानने त्याला संत म्हणून निवडले नव्हते. सरकार आपल्या दारापर्यंत येऊ शकते हे त्यांनी एकदा पाहिले होते आणि ते मताने आले होते. नकार होता तो मत काढून घेणाऱ्यांना. २०१० मध्ये लाल सदऱ्यांचे मोर्चे बँकॉकमध्ये आले तेव्हा त्यांनी ‘फ्राय’ हा जुना अपमानाचा शब्द स्वतःच्या छातीवर लावून घेतला. ‘दलित’ हा शब्द आपण कसा छातीवर घेतला, ते आठवावे. त्या वर्षी एप्रिल-मे मध्ये नव्वदांवर माणसे मेली.

मे २०१४ मध्ये पुन्हा लष्कर, पुन्हा नवी घटना, आणि ७ ऑगस्ट २०१६ ला पुन्हा सार्वमत. या वेळी कायदाच असा की, मसुद्याविषयी ‘खोटे’ वा ‘असभ्य’ काही पसरवले तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग. खोटे कोणते हे ठरवणार सरकार. आदल्या दिवशी इसानच्या चैयाफुममध्ये एका विद्यार्थी कार्यकर्त्याला पत्रके वाटली म्हणून धरले. निवडणूक आयोगाने प्रचाराला गाणे काढले, त्यात दक्षिणेच्या माणसाचे स्वातंत्र्यप्रेमी म्हणून कौतुक होते, तर इसानच्या माणसाला कुणाच्या नादी न लागण्याचा उपदेश. गाण्यातही अंक होताच!

निकाल : सुमारे ६१ टक्के होकार. इसानने पुन्हा नाकारले, पण जेमतेम, ५१ टक्क्यांच्या आसपास. नकार इतका का ओसरला, याचे एकच उत्तर मला पटत नाही. बोलायला बंदी होती. लोक थकले होते. घटना मंजूर झाली तर निदान निवडणूक तरी होईल, असा हिशेबही पुष्कळांनी केला असणार. दक्षिणेचा होकारही सरळ नाही. तिथल्या रबरबागायतदारांचा जुना पक्ष डेमोक्रॅट. त्याचे नेते अभिसित यांनी मसुद्याला जाहीर विरोध केला, तरी मतदार त्यांच्यामागे गेला नाही. मग नादी लागणारा कोण आणि न लागणारा कोण?

त्याच दिवशी दुसरा प्रश्नही विचारला होता, घोळदार भाषेत. त्याचा अर्थ एवढाच की, नेमलेले सिनेटर पंतप्रधान निवडण्यात मत देतील. २०१९ मध्ये २५० पैकी २४९ सिनेटरांनी बंडाचे सेनापती प्रयुथ यांना मत दिले. २०२३ मध्ये सर्वाधिक, १५१, जागा जिंकलेल्या पक्षाचा नेता याच सिनेटमुळे पंतप्रधान होऊ शकला नाही.

आता ज्या गोष्टीने मला विहारात गप्प केले ती. दक्षिणेच्या होकाराच्या नकाशात २०१६ मध्ये तीन भोके पडली : पट्टानी, याला, नराथिवात. मलय बोलणाऱ्या मुसलमानांचे हे प्रांत. २००७ मध्ये तिथेही बहुमत होकाराचेच होते. २०१६ मध्ये ठळक बहुमताने नकार आला. नव्या मसुद्यात राज्याने बौद्ध धर्माला, विशेषतः थेरवादाला, पाठबळ द्यावे आणि त्याला धोका पोहोचू नये म्हणून उपाय करावेत, असे कलम होते. हा उपाय कोणाविरुद्ध, हे पट्टानीच्या माणसाला कोणी सांगायची गरज नव्हती. ऑक्टोबर २००४ मध्ये ताक बाई येथे निदर्शकांना हात मागे बांधून लष्करी ट्रकांत एकावर एक रचले होते. ७८ जण गुदमरून मेले. सरकार तेव्हा थाक्सिनचे होते, इसानच्या मतांवर आलेले. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२४ मध्ये तो खटला कोणाला शिक्षा न होता बाद झाला.

येत्या वर्षावासात आमच्या विहारातल्या वर्गात मी थायलंडचा नकाशा भिंतीवर लावणार आहे. इसान लाल रंगाने भरून ठेवले आहे. खालच्या त्या तीन प्रांतांना कोणता रंग द्यावा, ते पोरांनाच विचारीन म्हणतो. मूर्ती समोरच असेल.