चाई, कांद्याचा रस आणि श्रेयाचा प्रश्न

१/ डोक्यावर, दाढीत किंवा भुवईत एके दिवशी रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा दिसतो. बहुधा ना जखम, ना वेदना. केस मात्र नाहीत. मराठीत याला ‘चाई’ म्हणतात, आधुनिक वैद्यकात ‘अलोपेशिया एरिआटा’. यावर घरोघरी सांगितले जाणारे उपायही ठरलेले: कांद्याचा रस, माक्याचे तेल आणि अलीकडे ‘जीवनशैली बदला’. या सल्ल्यांना फार जुना इतिहास आहे आणि त्या इतिहासात एक पेच दडलेला आहे. त्या पेचाविषयी हा थ्रेड.

२/ सुरुवात इजिप्तपासून. इ. स. पूर्व १५५० च्या सुमारास लिहिलेल्या एबर्स पपायरसमध्ये टकलावर लावायचा एक लेप दिला आहे. त्यात सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप आणि रानबकरा यांची चरबी एकत्र करायची आहे. आज हसू येते. परंतु ज्या अर्थी हा लेप लिहून ठेवला गेला, त्या अर्थी तो लावून केस आल्याचे कोणीतरी मानले असणार. हा मुद्दा लक्षात असू द्या.

३/ इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक केल्सस याने चट्ट्यांच्या टकलाचे दोन प्रकार नोंदवले. पहिला ‘अलोपेशिया’, हा शब्द कोल्ह्याच्या ग्रीक नावावरून आला, कारण खरूज झालेल्या कोल्ह्याचे केस असेच झडतात. दुसरा ‘ओफियासिस’, म्हणजे मानेवरून कानांकडे सापासारखा वळत जाणारा पट्टा. ही दोन्ही नावे त्वचारोगतज्ज्ञ आजही वापरतात.

४/ केल्ससने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. यातला दुसरा प्रकार उपचारांविना पुष्कळदा आपोआप बरा होतो, असे तो सांगतो. पुढच्या दोन हजार वर्षांचा सारा गोंधळ या निरीक्षणात सामावलेला आहे. आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारात औषधाने गुण आला हे ओळखायचे कसे?

५/ भारतात सुश्रुतसंहितेत हा विकार ‘इंद्रलुप्त’ या नावाने येतो. वातासह पित्त रोमकूपांत शिरून केस पाडते, मग रक्तासह कफ ती छिद्रे बुजवतो, म्हणून तिथे नवा केस उगवत नाही, अशी त्याची उपपत्ती. वाग्भट अष्टांगहृदयात हीच मांडणी करतो आणि काही जण या रोगाला ‘चाचा’ म्हणतात, असे नोंदवतो. मराठी वाचकाला इथे चाई आठवल्यावाचून राहत नाही.

६/ वाग्भटाने केलेला भेद अधिक मोलाचा आहे. सामान्य टक्कल, म्हणजे खालित्य, क्रमाक्रमाने पडते. इंद्रलुप्ताची तऱ्हा तशी नाही. वयानुसार विरळ होणारे केस आणि एकाएकी पडणारा चट्टा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे प्राचीन वैद्यांनी ओळखले होते. आजच्या कित्येक तेलांच्या जाहिराती हा फरक करत नाहीत.

७/ मग ‘नैसर्गिक दिनचर्या’ कुठे आली? ती चरकाच्या सूत्रस्थानात आहे. रोज डोक्याला तेल लावणाऱ्याला टक्कल पडत नाही, केस पिकत नाहीत, असे तिथे म्हटले आहे. हा निरोगी माणसाचा नित्यक्रम होय. इंद्रलुप्त जडल्यावर मात्र सुश्रुताची भाषा बदलते. स्नेहन आणि स्वेदन करून डोक्याची शीर तोडावी, रक्त काढावे. वर मनशीळ, हिराकस, मोरचूद आणि मिरी यांचा लेप द्यावा. किंवा त्वचेला खोल चरे पाडून गुंजांचा कल्क पुनःपुन्हा लावावा.

८/ या यादीकडे थोडे थांबून पाहा. मनशीळ हे आर्सेनिकचे खनिज, मोरचूद हे तांब्याचे क्षार. गुंजेच्या बीत अॅब्रिन नावाचे जहाल विष असते. ब्रिटिश काळात कातडी मिळवण्यासाठी गुरे मारणारे लोक गुंजेच्याच सुया वापरत, असे त्या काळच्या न्यायवैद्यकात नोंदलेले आहे. हे सारे पदार्थ निसर्गातलेच. ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ हे समीकरण आधुनिक आहे. ते ग्रंथकारांच्या माथी मारू नये.

९/ त्वचेला मुद्दाम डिवचण्याची ही कल्पना एकट्या भारताची नव्हती. केल्सस दाहक लेपांचा उल्लेख करतो, पण स्वतः रोज वस्तऱ्याने खरवडणे पसंत करतो. त्याच शतकातला डायोस्कोरिडीस चाईवर कांद्याचा रस चोळायला सांगतो. एकोणिसाव्या शतकात युरोपात फोड आणणाऱ्या कँथॅरिडीस किड्यांचा अर्क लावत. १९७० च्या दशकापासून तर डॉक्टरही विशिष्ट रसायनाने मुद्दाम सौम्य अॅलर्जी निर्माण करून काही रुग्णांत केस परत आणू लागले.

१०/ कारणांचा इतिहास अधिक वेदनादायी आहे. १८४३ मध्ये पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी याने डोक्याच्या गजकर्णातली बुरशी शोधली आणि तीच चाईचेही कारण मानली. दोन आजारांची गल्लत झाली ती कित्येक दशके टिकली. फ्रान्समध्ये चाई, तिथल्या भाषेत ‘पेलाड’, संसर्गजन्य समजून मुलांना शाळेबाहेर ठेवण्यात आले. ज्या आजाराची लागण होतच नाही, त्यासाठी ही मुले वाळीत पडली.

११/ त्याच सुमारास दुसरा पक्ष म्हणत होता की दोष मज्जातंतूंचा. १९०२ मध्ये झाके याने किडक्या दातांकडे बोट दाखवले. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील सबुरो याने आधी जिवाणू धरला, नंतर तो सोडून अंतःस्रावी ग्रंथींकडे वळला. प्रत्येकापाशी बरे झालेले रुग्ण होते: कोणी जंतुनाशकाने बरा झालेला, कोणी दात काढून, कोणी विश्रांतीने.

१२/ हे सगळे खोटे बोलत होते काय? नाही. आज आपल्याला माहीत आहे की एखाददुसराच लहान चट्टा असलेल्या रुग्णांपैकी ३४ ते ५० टक्क्यांचे केस वर्षभरात उपचारांविना परत येतात. त्या वर्षात रुग्ण जो उपाय करत असेल, त्याच्या पदरात यश पडते. मगरीची चरबीसुद्धा याला अपवाद नाही.

१३/ १९५८ मध्ये स्टीफन रॉथमन यांनी हा विकार स्वयंप्रतिकाराचा, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनीच स्वतःवर केलेल्या हल्ल्याचा असावा, असे सुचवले. १९९८ मध्ये त्याला ठोस पुरावा मिळाला. रुग्णाच्या चट्ट्याची त्वचा प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांवर लावली, तेव्हा तिच्यावर केस उगवले. त्याच रुग्णाच्या, केशमुळाच्या अंशांनी चेतवलेल्या टी-पेशी तिच्यात सोडताच ते झडले. हल्ल्यात केशमुळांतील मूळ पेशी शाबूत राहतात. म्हणूनच कित्येक वर्षांनीही केस परतू शकतात.

१४/ आता कांदा. २००२ मध्ये बगदादच्या संशोधकांनी याची परीक्षा प्रसिद्ध केली. दिवसातून दोनदा, दोन महिने कांद्याचा रस लावणाऱ्या २३ जणांपैकी २० जणांचे केस आले. साधे पाणी लावणाऱ्या १५ पैकी २ जणांचे. आकडे थक्क करणारे; परंतु रुग्णसंख्या तुटपुंजी, आणि कांद्याचा वास कोणापासून लपणार? आपल्याला काय लावले आहे, हे प्रत्येकाला कळत होते.

१५/ स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे १९९८ मध्ये ८६ रुग्णांवर अधिक काटेकोर चाचणी झाली. एका गटाला तुळस-कुळातील थाइम, रोजमेरी, लॅव्हेंडर आणि देवदारवर्गीय वृक्ष यांच्या अर्कांचे तेल. दुसऱ्याला अर्कविरहित तेल. सात महिन्यांत पहिल्या गटात ४४ टक्के, दुसऱ्यात १५ टक्के रुग्णांत सुधारणा झाली. हा दुसरा आकडा विसरू नका. नुसत्या तेलाच्या गटातही ती झाली, आणि दुसरा गट नसता तर तिचे श्रेयही तेलालाच मिळाले असते.

१६/ २०२२ मध्ये अमेरिकेत तीव्र चाईसाठी पहिले गोळीरूप औषध, बॅरिसिटिनिब, संमत झाले. चाचण्यांत मोठी मात्रा घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून थोड्या अधिक रुग्णांचे डोके ३६ आठवड्यांत ८० टक्के भरले. औषध थांबवल्यास केस पुन्हा जाऊ शकतात, शिवाय संसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असल्याने ते देखरेखीखालीच घ्यावे लागते. विजयगाथा इथेही नाही. मात्र यशापयशाचा हिशेब उघड मांडलेला आहे.

१७/ हा हिशेब का महत्त्वाचा? कारण ‘आहार सुधारा, ताण सोडा, केस येतील’ या वाक्याची दुसरी बाजू असते. केस आले तर श्रेय उपायाचे. न आले तर दोष रुग्णाचा. तू पथ्य पाळले नाहीस, तू फार विचार करतोस. एकोणिसाव्या शतकाने मुलांना संसर्गाच्या नावाखाली दूर ठेवले. आपण दिनचर्येच्या नावाखाली त्यांना अपराधी ठरवू लागलो आहोत.

१८/ चांगली झोप, सकस अन्न, डोक्याला तेल हे सारे आपापल्या जागी हितकारक आहेच. चरकही तेच सांगतो. पण चट्टे वाढत असतील, भुवया-पापण्या जात असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. थायरॉइडचे विकार चाईसोबत आढळतात, म्हणून त्याची तपासणीही विचारून घ्यावी. आणि कोणी ‘याने माझे केस आले’ म्हटले, तर त्याला खोटे पाडू नये. एवढेच विचारावे: हे न लावणाऱ्यांचे काय झाले?

१९/ तुमच्या गावी चाईला काय म्हणतात आणि तिच्यावर कोणता उपाय करत, ते खाली लिहा. या नोंदीही इतिहासाचे साधन आहेत.